मूळ मेल

आमच्या कार्यालयात त्याला सगळे पोस्टमास्तर म्हणतात. संस्थेची ईमेल यंत्रणा तो एकटा सांभाळतो. मी शेजारच्या टेबलावर अहवालांची भाषा तपासतो. साहित्याच्या पदवीला इथे एवढंच काम मिळालं.

संचालकांना एक मेल आला. नुसती शिवीगाळ. वर नाव प्रयोगशाळेतल्या बाईंचं. त्यांची बावीस वर्षांची नोकरी. चौकशी समितीने त्यांना घरी पाठवायचं जवळजवळ ठरवलंच होतं.

पोस्टमास्तर म्हणाला, वरचं नाव कुणीही घालू शकतं. पाकिटामागे कुणाचंही नाव लिहावं, तसं. बघायचे ते आतले शिक्के. मेल ज्या सर्व्हरवरून जातो, तो सर्व्हर आपला शिक्का मारतो. त्यातला आपल्या सर्व्हरचा तेवढा भरवशाचा. मेल बाहेरून शिरला की बाईंच्या खात्यातून गेला, ते तो सांगतो.

त्याने संचालकांच्या सहायकाकडे मूळ मेल मागितला. सहायकाने फॉरवर्ड केला. त्यावर शिक्के सहायकाचे. म्हणजे शिव्या सहायकानेच घातल्या म्हणायच्या. पुन्हा समजावलं. पुन्हा फॉरवर्ड. शेवटी पोस्टमास्तर स्वतः वर गेला, तर सहायकाने हातात छापील कागद ठेवला; मूळ मेल तोवर पुसलेला. तिथे प्रत्येक मेल छापतात, फाइलला लावतात आणि संगणकावरून कायमचा पुसतात. पसारा नको म्हणून.

सर्व्हरवरच्या नोंदी पंधरा दिवस राहतात. चौकशी गोपनीय होती. त्याला कळवलं अठराव्या दिवशी.

समितीने विचारलं, बाईंनी पाठवला नाही असं लिहून देता का? तो म्हणाला, या कागदावरून काहीच कळत नाही, एवढं लिहून देतो. अध्यक्ष म्हणाले, मग तुमचा उपयोग काय?

मी सुचवलं, संचालकांच्याच नावाने एक मेल पाठवून दाखव. तो खेकसला. "म्हणजे बाई राहतील बाजूला आणि मीच अडकेन. शहाणाच आहेस."

निर्णय आला. माफी लिहून दिली तर नोकरी राहील. बाई टाइप केलेला माफीनामा घेऊन आमच्या खोलीत आल्या.

"सही करू नका, ताई," पोस्टमास्तर म्हणाला. "न केलेलं कबूल केल्यासारखं होईल."

"तुमचं खरं आहे, भाऊ. पण घरातली दोन माणसं माझ्या पगारावर आहेत, तुमच्या शिक्क्यांवर नाहीत."

त्यांनी पेन मागितलं. पोस्टमास्तरच्या खिशाला दोन होती. तो स्क्रीनकडे बघत राहिला.

पेन मी दिलं.