सहा उंदरांची हवा

दुसऱ्याच्या श्वासाची माझ्या बायकोच्या मामांइतकी काळजी करणारा माणूस अख्ख्या बोरीवलीत सापडणार नाही. लग्नाच्या हॉलमध्ये शिरले की नवरा-नवरीच्या आधी ते खिडक्या बघतात. आमच्या साखरपुड्यात भटजी मंत्र म्हणत होते आणि मामा स्टुलावर चढून एक्झॉस्ट फॅन पुसत होते. लिफ्टमध्ये पाचवा माणूस शिरला की ते उतरतात, सहा मजले चढतात आणि धापा टाकत सांगतात, "आतली हवा चौघांपुरतीच होती हो, जावईबापू."

मालाडला त्यांचा छोटा कारखाना आहे. माशांच्या टाक्यांना हवा देणारे, जराही आवाज न करणारे पंप ते तिथे बनवतात. या पंपांची कीर्ती ऐकून एक दिवस एका प्रयोगशाळेतली तरुण शास्त्रज्ञ मुलगी तिथे आली. यानातून सहा उंदीर अंतराळात जाणार होते आणि त्यांच्या पेटीला हवा-पाणी पुरवणारं यंत्र हवं होतं. मामांनी एवढंच विचारलं, "बायका किती, पुरुष किती?"

"सगळ्या माद्याच आहेत, काका."

"मग नीटच करायला हवं."

त्यानंतर वर्षभर घरात दुसरा विषय नव्हता. अंतराळात पाणी खाली पडत नाही हे कळल्यावर मामा महिनाभर पलंगावरून उलटे लोंबकळून नळीने पाणी प्यायले. एकदा मी गेलो तर मामा कपड्यांच्या कपाटात, दार बंद, आणि बाहेर मामी घड्याळ समोर ठेवून मेथी निवडतायत. "बारा मिनिटं झाली. आत श्वास मोजतायत. तुम्ही चहा घ्या," मामी म्हणाल्या. कपाटातून आवाज आला, "माका पण अर्धो कप!"

पेटी तयार झाली. उंदरांना आठवडाभर आत ठेवून चाचणीही झाली. उरली फक्त मामांची सही. त्यांनी पेटीला कान लावला आणि पेन खिशात ठेवलं. "पंखा अडखळतोय." यंत्रावरचे सगळे आकडे ठीक होते. प्रयोगशाळेचे मोठे साहेब वैतागले, "काका, तुमच्या कानासाठी उड्डाण थांबणार नाही."

"नका थांबवू. पण आतल्यांना खिडकी उघडता येत नाही, साहेब."

शेवटी पंखा उघडला. दांड्याला उंदरांचे केस गुंडाळले गेले होते. आणखी काही दिवसांत तो बंदच पडला असता. मामांनी पाच दिवसांत बारीक जाळी बसवली, पुन्हा कान लावला आणि मग सही केली.

उंदीर वर गेले, परतही आले. त्या मुलीचा फोन आला तेव्हा मी आणि बायको मामांकडेच जेवत होतो. "काका, सहाच्या सहा जिवंत!" मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग त्यांनी विचारलं, "आता कुठे राहणार त्या?"

ती म्हणाली, "त्यांना उघडून आतून तपासावं लागतं, काका. प्रयोग त्यासाठीच होता."

"हो, बरोबर. आधी झोपवता ना?"

"हो, काका."

मामांनी फोन ठेवला. मग म्हणाले, "नावं ठेवली होती मी सगळ्यांची."

"सांगा ना," मामी म्हणाल्या.

मामांनी एकेक करून सांगितली. पाचवं नाव माझ्या बायकोचं होतं. ती उठली आणि तिने मामांच्या ताटात गरम भात वाढला.