तीन करंगळ्या

लाईट जाऊन अॅम्प बंद पडला की आमचे सर बेस गिटारचं डोकं लाकडी कपाटाच्या दाराला टेकवायचे आणि वाजवत राहायचे. कपाट घुमायला लागायचं. आतले माईकचे स्टँड बारीक थरथरायचे. आम्ही वायरी गुंडाळून घरी जायच्या बेतात असायचो. सर मान न वळवता विचारायचे, "घाई कुणाला हाय?"

आम्ही पुन्हा बसायचो.

नगरजवळ केडगावला पुणे रस्त्यावर, टायरच्या दुकानाच्या वर दुसऱ्या मजल्यावर आमचं संगीत कॉलेज. तबला-पेटीचं नाही, आजच्या संगीताचं: गिटार, ड्रम, कीबोर्ड, गाणं. मी गिटारसाठी गेलो होतो, पण तिथल्या जागा भरल्या होत्या. ऑफिसातल्या मॅडम म्हणाल्या, "बेस घे ना. तारा कमी, त्रास कमी." वाद्य घरी आणलं तेव्हा वडिलांनी ते उलटसुलट करून पाहिलं. म्हणाले, "दोन तारा कमी आहेत. दुकानदाराला दाखवलंस का?"

बेसला आम्ही तिघंच. मी, पारनेरहून रोज एसटीने येणारी एक मुलगी आणि एक मुलगा. त्याला ड्रम शिकायचे होते, पण शेजाऱ्यांनी भांडण काढल्यावर घरच्यांनी त्याला इकडे वळवलं होतं.

तुम्ही एखादा ऑर्केस्ट्रा पाहिला असेल, तर गाणारी बाई आठवेल, ढोलकीवालाही आठवेल. बेसवाला आठवणार नाही. तो मागे अंधारात उभा असतो. सर तरुणपणी तसे अनेक वर्षं उभे राहिले होते. गाव काष्टी, घरची शेती, गोठ्यात चार गाई. पहाटे धारा काढून, बेस पाठीला लावून ते मोटारसायकलवर यायचे. शर्टाला कधी कधी वैरणीची काडी चिकटलेली असायची.

त्यांच्या डाव्या हाताला करंगळी नव्हती. पहिल्याच दिवशी पारनेरच्या मुलीने सरळ विचारलं, "सर, बोटाला काय झालं?"

"कडबाकुट्टीच्या मशिनीत गेलं, कडब्याबरुबर. चला, जाडी तार घ्या."

एवढंच. पुढे आम्हाला त्याचं काही वाटेनासं झालं. त्यांचा हात दांड्यावर इतका सहज फिरायचा की एक बोट कमी आहे हे ध्यानातच राहायचं नाही.

पहिला आठवडाभर त्यांनी आम्हाला एकच स्वर वाजवायला लावला. कंटाळून मी मध्येच थोडी कारागिरी केली. सर म्हणाले, "तू वाजवतोय ते लोकांना कळलं न्हाई तरी चालंल. तू थांबला तर कळलं पायजे." मग उठून खिडकीशी गेले. खाली कुणीतरी टायर ठोकत होतं. बराच वेळ ऐकून म्हणाले, "त्यो बघ, किती सरळ ठोकतोय. त्याला कोनी शिकवलं आसंल?"

वर्षाच्या शेवटी परीक्षा. पुण्याहून बाहेरचे परीक्षक आले होते. वयाने तरुण, बोलायला सौम्य. मी आधी वाजवलं. त्यांनी थांबवलं आणि विचारलं, "तुझी करंगळी कुठे आहे?"

मी हाताकडे पाहिलं. करंगळी तळव्याशी मुडपून बसली होती, आणि तिच्या वाटचं काम शेजारचं बोट ताणून करत होतं. दुसऱ्या मुलाचं तेच. मुलीचंही तेच. परीक्षकांना आधी हसू आलं. मग म्हणाले, "तुमच्या सरांना बोलवा, कसं शिकवतात ते पाहू."

सर आले, बेस घेतला आणि वाजवायला लागले. परीक्षकांनी त्यांचा हात पाहिला. त्यांची नजर पाहून सरांनी वाजवणं मध्येच थांबवलं. त्यांनी आमच्या तिघांच्या हातांकडे एकेक करून पाहिलं. वर्षभर आमच्यासमोर बसून त्यांनी ते तेव्हाच प्रथम पाहिलं असावं.

तंत्राच्या भागात आम्ही तिघंही नापास झालो. तीन महिन्यांनी पुन्हा परीक्षा ठरली.

त्याच संध्याकाळी सर आमच्या घरी आले. चपला दारात काढून उभेच राहिले. वडिलांना म्हणाले, "पोराचं काय चुकलं न्हाई. मी दावलं तसं त्यानं केलं. माझ्या ध्यानातच न्हाई आलं."

वडील एमआयडीसीत लेथवर काम करायचे. बोटं गेलेले हात त्यांनी पाहिलेले होते. ते एवढंच म्हणाले, "सर, आधी बसा. चहा घ्या." सरांनी चहा घेतला, आणि तिथून पारनेरच्या मुलीच्या घरी जायला निघाले. तेवढ्यासाठी ते पारनेरपर्यंत गेले.

पुढचे तीन महिने त्यांनी स्वतःला न येणारी गोष्ट आम्हाला शिकवली. एक पुस्तक आणलं. त्यातली हातांची चित्रं ते चष्मा लावून बघत, मग आमची करंगळी स्वतःच्या चिमटीत धरून जागेवर ठेवत. "हितं. दाब. दुखंल आठ दिवस, दुखू दे." आमच्या करंगळ्यांत जोरच नव्हता. तार फरफरायची.

एक दिवस त्यांनी मला आपल्या डाव्या खांद्यामागे उभं केलं. "तू दाब, मी वाजवतो. करंगळीनं कसं लागतंय ते मला आतून बगू दे." बेस त्यांच्या मांडीवर, उजवा हात त्यांचा, दांड्यावर डावा हात माझा. सुरुवातीला काहीच जमेना. मी दाबायच्या आधीच ते छेडायचे, नाहीतर माझा हात पुढे पळायचा. मग कधीतरी ते जुळलं, आणि आम्ही दोघांनी मिळून एक अख्खं गाणं वाजवलं. संपल्यावर सर बेस तसाच धरून बसून राहिले. मुलीने विचारलं, "सर, चुकलं का काही?"

"न्हाई. मला हे कवाच वाजवता आलं न्हाई," ते म्हणाले. "लई सोपं जातंय की."

आम्ही तिघंही पास झालो. निकालाच्या दिवशी सरांनी ऑफिसात एक कागद दिला. पुढच्या वर्षी आपण येणार नाही, मुलांना धड हाताचा मास्तर द्या, असं त्यात होतं. ऑफिसातल्या मॅडमनीच आम्हाला सांगितलं. आम्ही जिन्यात त्यांना गाठलं, भांडलो. मुलगी रडली. सर ऐकून घेत राहिले. शेवटी म्हणाले, "तुमच्याकडं माझं लक्ष हुतं, तरी मला दिसलं न्हाई. आता आनखी काय दिसत न्हाई, ते मला कसं कळायचं?"

नवे सर आले. दोन वर्षांनी मामांबरोबर गाय बघायला काष्टीच्या बाजारात गेलो होतो, तेव्हा जुने सर भेटले. हातात कालवडीचा दोर, अंगावर धुळीने भरलेला शर्ट. त्यांनी मुलीची चौकशी केली. ती पुण्यात एका बँडमध्ये वाजवते म्हटल्यावर दोनदा मान हलवली. मग विचारलं, "नवीन मास्तर कसा हाय?"

खोटं सांगावं असं क्षणभर वाटलं. पण नवे सर खरोखर चांगले होते. पहिल्या महिन्यातच त्यांनी माझ्या उजव्या हातातली एक चूक काढली होती. ती कुणालाच दिसली नव्हती.

"चांगले आहेत सर," मी म्हणालो. "खूप चांगले आहेत."

मला वाटलं, त्यांना वाईट वाटेल. पण त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. पाहुणे जेवून गेल्यावर घरच्या माणसाचा होतो तसा.

"मंग बरं झालं," ते म्हणाले. तेवढ्यात एका व्यापाऱ्याने कालवडीचे दात बघायला तिचं तोंड उघडलं, आणि सर त्याच्याशी बोलायला वळले.