सेल्फ मारायची धास्ती

गॅरेजमधले किस्से जळक्या प्लगसारखे साठत जातात, टाकून द्यायला हात धजत नाही! एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. कासारवाडीच्या गॅरेजात बापू मिस्त्री इलेक्ट्रिकचं काम बघायचे आणि मी त्यांचा असिस्टंट. लोकांना गाडी सुरू होत नाही याची धास्ती. मला ती सुरू होईल याची!

*

पिंपरीचे एक शेट बॅटरीत पाणी आहे का ते बघायला काडी पेटवून वाकले. बापू ओरडेपर्यंत बॅटरीतला गॅस पेटला, धडाम! शेट ॲसिड उडालेलं तोंड धरून खाली बसले. मी बादलीभर पाणी त्यांच्या डोळ्यांवर ओतलं. नशिबाने डोळे वाचले.

बापू म्हणाले, "शेट, पाणी बघत होता न्हवं? आता बॅटरीच न्हाई!"

*

हँडल फिरवून इंजिन सुरू करायला निघालेल्या चाकणच्या एका पैलवानाला बापूंनी बजावलं, "हँडल जपून मारा, उलटं फिरतंय."

"आमी रेडं वळवतो, मिस्त्री!"

हँडल उलटं फिरलं आणि मनगट मोडलं. तो कटकन झालेला आवाज मला अजून ऐकू येतो. महिनाभर मी हँडलला हात लावला नाही.

*

एका डॉक्टरांच्या मोटारीचा सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून देणारा स्टार्टर, सुरू झाला तो थांबेचना. वायरींतून धूर, शेजारी पेट्रोलचे डबे! डॉक्टर किल्ली नाचवत ओरडले, "किल्ली माझ्या हातात आहे, मग फिरवतंय कोण?"

सेल्फच्या स्विचचा कॉन्टॅक्ट आतून चिकटला होता. बापूंनी उघड्या हातांनी बॅटरीची तार उपटली. मी तोवर रस्त्यापलीकडे पोचलो होतो.

*

गणपत ड्रायव्हर कांदा उतरवून रिकामा ट्रक घेऊन आला. "गरम झाली की बंद पडतीय." दोष पकडायला बापू आणि मी त्याच्याबरोबर चक्कर मारायला निघालो. रेल्वेचं फाटक पडायच्या आत निसटायची गणपतने घाई केली आणि बरोबर रुळांवर इंजिन बंद!

सेल्फ फिरत होता, इंजिन पकडत नव्हतं. तेवढ्यात आगगाडीची शिट्टी. फाटकवाला लाल झेंडा घेऊन धावत सुटला. माझ्या बाजूचं दार तारेने बांधलेलं. गणपत उडी मारायला निघाला, तशी बापूंनी त्याची कॉलर धरली.

"आगगाडीत माणसं हायती! पहिला गिअर टाक. क्लच सोड. आता सेल्फ दाब, सोडू नको!"

इंजिन बंदच. नुसता सेल्फ ट्रक ओढायला लागला. एक गचका. आणखी एक. मी डोळे मिटून आईला हाका मारत होतो. आगगाडी मागून धडधडत गेली आणि केबिन हलली.

गणपत स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडत होता. बापूंनी टोपीने तोंड पुसलं.

"बॅटरी चांगली हाय," ते म्हणाले. "आता कॉइल तापतीय का बघू."