आमच्या कोठीची हाक

आमच्या स्टुडिओत एसी एकच, आणि तोही माणसांसाठी नाही. बेसा भागातला साधा फ्लॅट आहे आमचा. घरमालकानं ज्या चिमुकल्या खोलीत देवघर योजलं होतं, तिथे आम्ही स्टोरेज ठेवलंय. हार्ड डिस्कांनी ठासून भरलेली काळी, जड पेटी. शूटिंगचं सगळं चित्र, सगळा आवाज तिच्यात, आणि तिथून वायरी आम्हा दोघांच्या कॉम्प्युटरपर्यंत. आम्ही तिला कोठी म्हणतो. मे महिन्यात आम्ही कुलरपुढे घामाघूम आणि ही बया थंडगार. एका उन्हाळ्यात माझं डोकं फिरलं आणि मी जेवणाचा डबा घेऊन तिच्या शेजारीच फतकल मारली. दुसऱ्या दिवशी भाऊही आपला डबा घेऊन आला. तेव्हापासून आमचं जेवण तिथेच, कोठीची घरघर ऐकत.

भाऊ म्हणजे माझा भागीदार. सख्खा नव्हे, पण माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा, म्हणून भाऊ. मी चित्र कापते-जोडते, तो आवाज बसवतो. प्रोजेक्ट मात्र दोघांचा एकच, कोठीत ठेवलेला, आणि गोची तिथेच आहे. आमची व्यवस्था स्वस्तातली. दोघांनी एकाच वेळी तोच प्रोजेक्ट उघडला तर ती कोणालाच अडवत नाही. जो शेवटी सेव्ह करेल त्याचं काम राहतं, दुसऱ्याचं पुसलं जातं. मोठ्या स्टुडिओंत याला कुलूप असतं म्हणे. आमच्याकडे हाक होती. उघडण्याआधी मी माझ्या खोलीतून ओरडायची, "घेऊन राहिली गा!" तिकडून तो म्हणायचा, "घे वं!" उत्तर आल्याशिवाय हात लावायचा नाही. गिऱ्हाइकं हसायची. हसोत बापडी. इतक्या वर्षांत एकदाही गडबड झाली नव्हती.

गेल्या वर्षी आम्ही एका दंडार मंडळीवरचा माहितीपट करत होतो. गावातल्या शेतकऱ्यांनी रात्र-रात्र रंगवलेलं नाचगाणं, ढोलकी, झांजा. भाऊचा जीव की प्राण असलेलं काम. पण मला उजवीकडची झांज फार टोचत होती. तसं सांगितलं की तो स्पीकरची वायर काढायचा, फुंकायचा, पुन्हा लावायचा. झांज टोचायची ती टोचायचीच. मी म्हटलं, जाऊ दे, स्पीकर म्हातारा झाला असेल.

एका दुपारी मी हाक दिली. "घे वं" आलं. मी प्रोजेक्ट उघडला, चार शॉट बदलले, सेव्ह केलं. थोड्या वेळानं भाऊ दारात उभा. सकाळपासून त्यानं बसवलेला सगळा आवाज पुसला गेला होता. प्रोजेक्ट त्याच्याकडेच उघडा होता, सकाळपासूनचं काम त्यानं मी उघडल्यावर सेव्ह केलं आणि त्यावर माझं सेव्ह बसलं. आणि त्यानंच मला घे म्हटलं होतं.

माझा राग नाकावरच असतो. तोंडाचा पट्टा सुटला. डोकं कुठे ठेवलंस, मला हो म्हणताना झोपला होतास का, परवा फिल्म द्यायची आहे, काय वाट्टेल ते बोलले. तो नेहमी उलट बोलणारा माणूस. पण त्या दिवशी माझं बोलणं संपायच्या आधीच देवघराच्या खोलीत जाऊन कोठीशेजारी बसला. मी तणतणत मागे गेले.

"मले उजव्या कानानं आयकू येऊन नाही राहिलं वं," तो म्हणाला. "दिवाळीपासून."

त्याच्या टेबलाच्या उजव्या हाताला दार आहे. माझी हाक त्या बाजूनं यायची. काहीतरी आवाज झाला असं वाटलं की तो अंदाजानं घे म्हणून टाकायचा. काय म्हणालीस असं त्यानं पुन्हा विचारलं असतं तर मला त्याच्या कानाचं कळलं असतं ना. डॉक्टर म्हणाले होते की नस गेली, आता परत येणार नाही. झांज का टोचत होती तेही मला तेव्हाच उमगलं. त्याला उजवीकडचं ऐकू येईना, म्हणून तो ती वाढवत चालला होता.

"काहून नाही सांगितलं गा?"

"कान गेलेल्या माणसाले आवाजाचं काम कोन देईन?"

मला रडू आलं आणि राग तर त्याहून जास्त आला. इतके महिने हा माणूस माझ्या शेजारी बसून पोळी खात होता आणि एकटाच घाबरत होता. तो म्हणाला, माहितीपट दुसऱ्या कोणाला दे, मी आता बंद करतो.  मी त्याच्या खोलीत गेले आणि त्याचं टेबल ओढून फिरवलं, डावा कान दाराकडे येईल असं. टेबल भलतंच जड. अर्ध्यात अडकलं तेव्हा तो उठून आला आणि दुसरी बाजू धरली.

मग मी माझी खुर्ची आणून त्याच्या उजव्या हाताला बसले. गेलेलं काम पहिल्यापासून सुरू केलं. ढोलकी त्यानं एकट्यानं बसवली, त्यात मला काय कळतंय. उजवीकडची झांज आली की तो थांबायचा आणि माझ्या तोंडाकडे बघायचा. मी म्हणायची कमी कर, अजून कमी, आता बस. पहिल्या दिवशी त्याला हे फार जड गेलं. दुसऱ्या दिवशी माझ्यावरच खेकसला, नीट आयक म्हणून. तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. फिल्म द्यायला गेलो तेव्हा दिग्दर्शकाला त्यानं स्वतःच सांगितलं कानाचं. त्यांनी डायरी काढली आणि पुढच्या फिल्मच्या तारखा विचारल्या.

कोठी तिथेच आहे, एसीत. कुलूप अजून घेतलेलं नाही. माझी हाक आता त्याला डाव्या कानानं स्वच्छ ऐकू येते. त्याची हाक मात्र थोडी बदलली आहे. प्रोजेक्ट उघडताना तो तिकडून ओरडतो, "घेऊन राहिलो वं, कान घेऊन ये!"

मी हातातलं काम सोडते आणि त्याच्या उजवीकडे जाऊन बसते.