पालुपीने परांग आत नेला

सकाळपासून कोरडा वारा सुटला होता. सोलो शहरातल्या आमच्या लावेयानच्या गल्लीत असा वारा सुटला की रंगवलेलं कापड बघता बघता वाळतं, आणि वेळेवर काढलं नाही तर पापडासारखं कडक होतं. पालुपी दोरीवर कापडं टाकत होती, आम्ही बाया मेण तापवत होतो. कापडं टाकून झाली की ती हात पुसून लॅपटॉपपुढे बसायची. आमच्या बाटिक कारखान्याच्या जाहिराती तीच बघते.

बसार महिना तोंडावर आला होता. सोलोत लग्नांची झुंबड याच महिन्यात. पालुपीचे थोरले काका सार्दोनो कारखान्याचे मालक; थोरल्या काकांना इथे पाकडे म्हणतात. त्यांनी सांगूनच टाकलं होतं, या बसारलाही गिऱ्हाईक आलं नाही तर ठसे गुंडाळायचे आणि अंगण पाहुणेघराला भाड्याने द्यायचं. म्हणजे आम्ही सगळ्या घरी.

आणि जाहिरात तर तळाला. लोक इंटरनेटवर लग्नाचं कापड शोधायचे तेव्हा वर हमरस्त्यावरचं मोठं दुकान, आम्ही कुठेतरी पायाशी. पालुपीने बोली, म्हणजे जाहिरात वर दिसावी म्हणून मोजायचे पैसे, वाढवून पाहिली, ढिम्म हललं नाही. पाकडे म्हणाले, आणखी ओत. ती म्हणाली, ओतून काय, भांड्यालाच भोक आहे.

पण भोक कुठे ते तिलाही कळत नव्हतं. त्या सकाळी ती मुलीचं लग्न ठरलेली आई होऊन शोधायला बसली. आई काय लिहील? ‘मुलीच्या लग्नात आईवडिलांनी नेसायचं कापड’. लिहिलं, खाली खाली जाऊन आपली जाहिरात गाठली. ‘सोलोचं अस्सल बाटिक, सर्व प्रकार’. दाबलं, तर समोर पानभर परांग.

तिने कपाळावर हात मारला आणि हसतच सुटली. परांग म्हणजे तिरक्या पट्ट्यांची नक्षी. पाकडेंच्या वडिलांनी घडवलेल्या तांब्याच्या ठशाची, आमच्या कारखान्याची शान. तिनेच ती कौतुकाने दर्शनी लावली होती. आणि लग्नात परांग नेसला की नवराबायकोची भांडणं लागतात, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. मुलींच्या आया पान उघडत होत्या आणि परांग बघून पळत होत्या.

“शोधून देणाऱ्या कंपनीला हे सगळं दिसतं,” ती म्हणाली. “ती नुसती बोली नाही बघत. माणसानं मागितलं काय, जाहिरातीत लिहिलंय काय, आणि दार उघडल्यावर मिळतंय काय, हे जुळतंय का बघते. जुळत नसेल तर मग पैशाचा जोर लावत बसा.”

परांग समोरून काढायचा म्हटल्यावर पाकडे उखडले. “मग बापाचा ठसा काय मोरीत टाकू?”

“मोरीत कशाला, पाकडे? नवरीची आई दारात आली तर तुम्ही तिच्यापुढं परांग पसरता?”

उभ्या जन्मात पसरला नव्हता. “आधी विचारतो, कुणाला हवंय,” ते पुटपुटले.

“मीही तेच करतेय.”

तिने एका जाहिरातीच्या तीन केल्या. आईवडिलांचं कापड शोधणाऱ्याला त्रुंतुम, म्हणजे बारीक चांदण्यांची नक्षी, नवरानवरीचं शोधणाऱ्याला सिदोमुक्ती, म्हणजे सुखी संसाराची नक्षी. जाहिरातीत शब्द शोधणाऱ्यांचेच, आणि दाबल्यावर उघडणारं पान ज्याचं त्याचं. परांग तिसऱ्या जाहिरातीत, जो परांगच मागेल त्याच्यासाठी. बोली होती तेवढीच ठेवली.

लगेच काही झालं नाही. पाकडे येता-जाता पडद्याकडे बघून घसा खाकरायचे. मग जाहिरात एकेक पायरी चढत गेली, आणि एके सकाळी आमचं त्रुंतुम त्या मोठ्या दुकानाच्या डोक्यावर जाऊन बसलं. त्यांच्या बोलीपुढे आमची ती काय, पण त्यांच्या दारात अजून ‘सर्व प्रकार’च. बाया फोन करून विचारू लागल्या, दोन्हीकडच्या आईबापांना पुरेल एवढं त्रुंतुम आहे ना?

अंगण भाड्याने मागणारा आला, त्याला पाकडेंनी चहा पाजून वाटेला लावलं. जाता जाता त्याला ऐकवलं, “आमच्या पोरीनं पैशानं नाही, अकलेनं दुकान वर काढलं.” आम्ही कढईमागून ऐकत होतो. छाती आमचीच फुगली.

पालुपीने ऐकलंच नाही असं दाखवलं. वारा वाढलाय म्हणाली, आणि कापडं कडक व्हायच्या आत दोरीवरून उतरवायला गेली.