नोट न घेतलेले नऊ दिवस

तळोद्यात सरकारी कचेऱ्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. धाकटी मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा नंदुरबारहून एक जुनं मशीन आणून ते सुरू केलं. नवरा सातपुड्यातल्या एका आश्रमशाळेत शिक्षक. सोमवारी सकाळी जातो, शनिवारी संध्याकाळी येतो. मधले दिवस घर, दुकान आणि दोन मुली माझ्याकडे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मला दुकानात बसायला आवडतं. मशीनमधून निघालेला गरम कागद हातात घ्यायला आवडतो, आणि दिवसभरात इतकी माणसं भेटतात की संध्याकाळी घरी काय सांगू आणि काय नको असं होतं.

एकाच गोष्टीने मला जेरीस आणलं होतं, ती म्हणजे सुट्टे पैसे. एका प्रतीचे दोन रुपये. सकाळच्या पहिल्या जीपमधून उतरलेला माणूस आधारकार्डाच्या दोन प्रती काढायचा आणि पाचशेची नोट पुढे करायचा. मी चॉकलेटं देऊन पाहिली, कागद ठेवायची प्लास्टिकची पाकिटं देऊन पाहिली. लोक म्हणायचे, आम्हाला चॉकलेट नको, आमचे पैसे द्या. त्यांचंही बरोबर होतं. मग मी चहावाल्याकडे धावायची, तोवर इकडे रांग खोळंबायची आणि कुणीतरी करवादायचं.

एका जूनमध्ये, वसतिगृहांच्या प्रवेशाची गर्दी होती तेव्हा, कुणीतरी दोन वेगवेगळ्या नोटांचे तुकडे चिकटपट्टीने जोडून माझ्या गळ्यात मारले. संध्याकाळी ते लक्षात आलं आणि माझं डोकंच फिरलं. त्या रविवारी नवऱ्याला म्हटलं, उद्यापासून रोख बंद, सगळं मोबाईलवर. तो म्हणाला, कर बापडी, हल्ली डोंगरातही पुष्कळांकडे मोबाईल आहेत. पुढे असंही म्हणाला की आमच्याकडे रेंज मात्र टेकडीवर चढल्याशिवाय येत नाही. त्याचं पहिलं वाक्य मी ऐकलं. दुसरं माझ्या सोयीचं नव्हतं.

सोमवारी मोठ्या अक्षरांत लिहून काचेवर कागद लावला : ‘येथे फक्त ऑनलाईन पैसे स्वीकारले जातील. कृपया वाद घालू नये.’ चौकोनी कोडचा पुठ्ठा बाहेर टांगला. पैसे आले की बोलणारी ती डबी टेबलावर ठेवली.

पहिले दोन दिवस मी खुशीत होते. डबी बोलायची, मी कागद द्यायची, माणूस जायचा. गल्ला रिकामा पडला होता, तो पुसून मी त्यात बांगड्या आणि टिकल्यांचं पाकीट ठेवलं. कचेरीतले लोक, मास्तर मंडळी, कॉलेजच्या मुली सगळे म्हणाले, छान केलंत. छान म्हणणाऱ्या सगळ्यांकडे मोबाईल होते, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

तिसऱ्या दिवशी तापीकाठच्या गावातले एक म्हातारे शेतकरी आले. चांगल्या घरचे, पांढरं स्वच्छ धोतर, काखेत कागदांची पिशवी. दरवर्षी सातबाऱ्याच्या प्रती माझ्याकडूनच काढायचे. प्रती काढून झाल्या आणि त्यांनी दहाची नोट पुढे केली. मी काचेवरच्या कागदाकडे बोट दाखवलं. त्यांनी चष्मा लावून तो सावकाश वाचला.

“ताई, मन्ही नोट खोटी शे का?”

घरी मीही अहिराणीच बोलते. पण त्या वेळी मुद्दाम शाळेतल्यासारखं मराठी बोलले. “खोटी नाही आबा. पण नियम आहे, रोख घेत नाही.”

“नियम कोनी कया?”

“मीच केला.”

“मंग तूच मोडी टाक,” ते म्हणाले.

मागे उभ्या असलेल्या दोघी हसल्या. मला ते झोंबलं. मी प्रती उचलून परत मशीनवर ठेवल्या. आबांनी नोट घडी करून खिशात घातली आणि समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसले.

त्यानंतर टपरीवर माझ्याच दुकानाची चर्चा सुरू झाली. रस्ता फार रुंद नाही, सगळं ऐकू यायचं. कुणी म्हणे, सरकारने छापलेली नोट ही बाई कोण नाकारणार? कुणी म्हणे, उद्या पाणीपुरीवालाही नाही म्हणेल, मग पोरांच्या हातात काय द्यायचं? एक जण आत येऊन, मी माझ्या घामाचे पैसे आणलेत, भीक मागत नाही, असं सुनावून गेला. आमच्या गल्लीतली शिवणकाम करणारी बाई मात्र भांडली नाही. ती हळूच म्हणाली की तिला अंगणवाडीच्या जागेसाठी अर्ज करायचाय, पण निवड होईपर्यंत घरी कळू द्यायचं नाही. मोबाईल नवऱ्याकडे असतो. त्यावरून पैसे दिले तर तो विचारणार, कसले कागद काढले. तिच्या मुठीत ब्लाउज शिवून मिळालेली वीस रुपयांची नोट होती. मी तिला, बघते, म्हटलं. ती दुसऱ्या दुकानात गेली.

या सगळ्यात मला एका माणसाचा मोठा आधार वाटत होता. माझ्या पायऱ्यांच्या बाजूला टेबल टाकून बसणारा, लोकांचे अर्ज भरून देणारा एक गृहस्थ. पन्नाशीचा, अक्षर मोत्यासारखं. ज्यांच्याकडे मोबाईल नाही त्यांच्याकडून तो रोख घ्यायचा आणि माझ्याकडे आपल्या मोबाईलवरून भरायचा. मला वाटायचं, चला, लोकांची सोय झाली. एकदा मी त्याला चहाही पाजला.

दहाव्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमाराला, मोलगीकडच्या डोंगरातली एक बाई आली. माझ्याच वयाची असेल. पोरीच्या वसतिगृहाचा अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता. गुणपत्रक, दाखले, रेशनकार्ड असे सात कागद, प्रत्येकाच्या तीन प्रती. तिने कमरेच्या गाठीतून शंभराची नोट काढली. मी नेहमीसारखी मान हलवून काचेकडे बोट केलं. तिला वाचता येत नव्हतं. ती त्या कागदाकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. मी म्हटलं, बाहेर कुणाला तरी मोबाईलवरून भरायला सांगा. आणि मागच्या माणसाचे कागद घेतले.

थोड्या वेळाने ती त्या अर्ज भरणाऱ्या गृहस्थाला घेऊन आली. मी एकवीस प्रती काढल्या. डबी बोलली, बेचाळीस रुपये. कागद नीट लावून दिले. ती लगबगीने कचेरीकडे गेली. मला वाटलं, काम झालं.

अर्ध्या तासाने ती परत आली. अर्ज जमा झाला होता, पोचपावती हातात होती. रांग सरेपर्यंत ती बाजूला उभी राहिली. मग टेबलाजवळ येऊन, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, “बाई, कागद महाग झाला?”

मी म्हटलं, नाही, तोच भाव आहे.

तिने मूठ उघडली. दहाच्या तीन नोटा होत्या. शंभरातून एवढेच परत आले होते आणि परतीच्या जीपला ते पुरत नव्हते. मी म्हटलं, तुमचे बेचाळीसच झाले, त्या माणसाने जास्त घेतले, तुम्ही त्याला विचारा. ती जराशी गोंधळली. मोडक्या मराठीत, शब्द शोधत म्हणाली, “त्याला काय विचारू? दुकान तुझं आहे. तू हातात घेत नाही, म्हणून त्याने घेतलं.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिला ते खरोखर तसंच दिसत होतं आणि ते तसंच होतं.

मी तावातावाने बाहेर गेले. म्हटलं, या बाईकडून तुम्ही सत्तर रुपये घेतले? तो लाजला नाही, ओशाळला नाही. पेनाला टोपण लावलं आणि शांतपणे म्हणाला, “ताई, तुम्ही नोट घेत नाही. मी घेतो, त्याचे पैसे घेतो. तुम्ही कटकट नको म्हणून पाटी लावली, ती कटकट मी घेतली. मी सांगून घेतो, चोरून नाही.”

तिला सांगितलं होतं का, ते कळायला मार्ग नव्हता. पण टपरीवरची माणसं माझ्याकडे बघत होती आणि त्यांच्या चेहऱ्यांवरून मला समजलं की हे त्या सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कुणाकडून दहा, कुणाकडून वीस. नऊ दिवस हे माझ्या पायरीवर चाललं होतं आणि मी त्याला चहा पाजला होता. त्याच्यावर ओरडले असते तर निम्मं मलाच लागलं असतं.

आत येऊन गल्ला ओढला. आत बांगड्या आणि टिकल्या. तिला द्यायला माझ्याकडे एक रुपया नव्हता. जीपवाला तिकडे हॉर्न वाजवत होता. शेवटी चहावाल्याकडे गेले आणि म्हटलं, भाऊ, पन्नास रुपये रोख, सुट्टे द्या, मी मोबाईलवर टाकते. त्याने गल्ल्यातून काढून दिले. त्याच्या टपरीवर नऊ दिवस माझी निंदा चालली होती, त्याने तेव्हाही एखादा टोमणा मारला असता तर मी ऐकून घेतला असता. त्याने मारला नाही.

मी ते पन्नास तिच्या हातावर ठेवले. तिने मोजले आणि वरचे बावीस परत करायला लागली. मी म्हटलं, राहू द्या, पोरीला खाऊ न्या. ती तयार होईना. शेवटी दहा ठेवून घेतले, बारा माझ्या टेबलावर ठेवले आणि धावत जाऊन जीप पकडली.

ती गेल्यावर काचेवरचा कागद काढला. चिकटपट्टी घट्ट बसली होती, नखांनी खरवडत होते. तेवढ्यात मागून आवाज आला, त्या सातबाऱ्याच्या प्रती अजून आहेत का. तापीकाठचे आबा. आठवड्यात दोनदा कामासाठी येऊन टपरीवर बसून गेले होते, पण माझ्या पायरीवर चढले नव्हते. प्रती मी जपून ठेवल्या होत्या. त्यांनी खिशातून दोनदोनची नाणी काढली आणि आठ रुपये अगदी बरोबर मोजून टेबलावर ठेवले. मी म्हटलं, आबा, आज सुट्टे कुठून आणले?

“त्या दिन बी व्हतात,” ते म्हणाले. “तू इचारंच नही.”

या वेळी मीही हसले, आणि त्यांच्याशी अहिराणीत बोलले. त्यांनी सुनेच्या हातच्या पापडांपासून पपईच्या भावापर्यंत सगळं सांगितलं आणि अर्धा तास बसून गेले.

शनिवारी नवरा आला तेव्हा त्याला सगळं सांगितलं. मला वाटलं, मी सांगितलं होतं, असं म्हणेल. त्याने ते म्हटलं नाही. सांगितलं एवढंच की त्याच्या शाळेजवळच्या दुकानात वरच्या पाड्यांवरच्या बायका अजूनही कोंबडीची अंडी देऊन साबण नेतात आणि दुकानदाराला त्यात काही वावगं वाटत नाही. मग मुलींना घेऊन आम्ही बाजारात गेलो.

अर्ज भरणाऱ्या गृहस्थाने दोनचार दिवस माझ्याशी अबोला धरला. त्याचा तो जोडधंदा बसला होता. पण माणसाला अर्ज भरून हवे असतात आणि त्याचं अक्षर अजूनही सुंदर आहे, म्हणून तो तिथेच आहे. आता प्रतींसाठी तो लोकांना थेट आत पाठवतो. कोडचा पुठ्ठाही बाहेर आहे. ज्याला मोबाईलवर द्यायचे त्याने तसे द्यावे, ज्याला नोट द्यायची त्याने नोट. शिवणकाम करणारी बाई मात्र माझ्याकडे परत आली नाही. तिचे कागद झाले का, तिला जागा मिळाली का, हे विचारायला मीच एकदा तिच्याकडे गेले. अर्ज गेला होता. उत्तर यायचं होतं. तिने माझ्यासाठी चहा ठेवला, तेवढ्याने मला बरं वाटलं.

आणि ती डोंगरातली बाई जुलैमध्ये पुन्हा आली. सोबत पोरगी, पत्र्याची पेटी आणि एक बादली. प्रवेश मिळाला होता. माझ्यासाठी तिने आमचूर आणला होता, घरच्या आंब्यांचा, उन्हात चांगला वाळवलेला. मी किती द्यायचे विचारलं तर तिने हात आडवा केला. तेव्हा कळलं, ती आठवडे बाजारात आमचूर विकते आणि तिच्याकडे किरकोळ विक्रीची चिल्लर साठते, जी डोंगर चढताना कमरेला जड होते. आता इकडे आली की ती चिल्लर माझ्याकडे देते आणि नोटा घेऊन जाते.

महिन्यातून एकदा ती पोरीला भेटायला येते. वसतिगृहात भेटायची वेळ होईपर्यंत माझ्या दुकानात पंख्याखाली बसते. भाकरी असेल तर दोघी खातो. तिच्या बोलीतले दहाबारा शब्द मी शिकले आहे, पाणी, पोरगी, बस, झोप, असे रोजचे. मी ते उच्चारले की ती पदर तोंडाला लावून हसते, मग मला सावकाश, एकेक अक्षर सुटं करून पुन्हा सांगते. मी पुन्हा चुकते. गिऱ्हाईक आलं की मी उठते, प्रती काढून देते आणि परत तिच्याजवळ येऊन बसते.