नकाशात राहून गेलेली विहीर

आमचे मराठी बोलणारे गाव तेलुगू मुलखात, बेला गावाच्या पलीकडे, सरहद्दीला टेकलेले. पावसाळ्यात नाला भरला की कापसाच्या गाड्या, रुग्ण, शाळकरी मुले, सारेच अडकतात. म्हणून ग्रामसभेने पुढच्या वीस वर्षांचा आराखडा करायचे ठरवले : आधी पक्का रस्ता, मग पूल, मग बस. मराठी आणि तेलुगू दोन्ही लिहिणारा शिक्षक म्हणून कागद माझ्याकडे आले.

शेतांमधली बैलगाडीची जुनी पांदण एका विहिरीला वळसा घालून नाल्यात उतरते. नवा रस्ता याच वाटेवरून जायचा होता. नकाशात मी तो वळसा गाळला आणि त्याबरोबर विहीरही राहून गेली. रेघ सरळ, नेटकी दिसावी, एवढेच कारण. सभेत कागद फिरला. गुरुजींनी काढला आहे म्हणून न पाहताच सर्वांनी सह्या केल्या. विहिरीच्या मालकिणीनेही केली.

महिन्याभराने मोजणीदार आले. त्यांनी टाकलेली चुन्याची रेघ विहिरीच्या काठावरून गेली; रस्ता झाला की विहीर बुजणार होती.

विहिरीची मालकीण माझ्या घरी आली. बसली नाही.

"गुरुजी, माही हीर कागदावर काऊन नाई? नवरा गेल्यापासून तिच्याच पाण्यावर वांगी, मेथी करून राह्यली मी."

चूक माझीच आहे, असे मी कबूल केले.

"मंग हापिसात सांगा. माह्यासमोर सांगून काय होते?"

गावातल्या वडीलधाऱ्यांनी मला गप्प राहायला सांगितले. कागद एकदा परत आला की पुन्हा वर जात नाही, ही त्यांची भीती; आणि ती खोटी नव्हती. तरीही मी मंडल कार्यालयात, म्हणजे आमच्याकडच्या तहसिलीत, गेलो. तेथे चूक माझी असल्याचे सांगितले. मोजणीदारांनी शांतपणे समजावले की बदल हवा असेल तर नव्या नकाशावर ग्रामसभेच्या सह्या पुन्हा घ्याव्या लागतील.

या वेळी मी पांदण पायी चालून वळसा मोजला. सभेत विनंती केली की आधी नीट पाहावे, मगच सही करावी. त्या बाईने विहिरीच्या खुणेवर बोट ठेवून मला विचारले, खात्री केली आणि सही केली.

कागद विहिरीशेजारच्या शेताच्या मालकांकडे गेला. वळशाची रेघ आता त्यांच्या बांधाला लागत होती; रस्ता पांदणीहून रुंद, म्हणून त्यांच्या शेताची पट्टी त्यात जाणार होती. त्यांनी चष्मा पुसला, नकाशा मांडीवर पसरला आणि बराच वेळ पाहत राहिले. पेन त्यांच्या खिशातच होते.